शिंदाबाईचा बिछाना

त्या राज्यात केर कधी संपत नसे; झाडणाऱ्या संपत. म्हणून तिथे एक कायदा होता. प्रत्येक केरसुणीने दर महिन्याला आपल्या अंगातली एक पाती उपसून माळ्यावरच्या सूपरावांकडे ठेवायला द्यायची. पुढे झिजल्यावर त्याच पात्यांचा बिछाना करून दारामागच्या कोपऱ्यात निवांत पडायचं. नुसत्या ओल्या फरशीवर पडलं की केरसुणी आठवड्यात कुजते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

शिंदाबाईने एकही महिना चुकवला नाही. दिवाणखाना झाडता झाडता ती अर्ध्याहून कमी झाली. थोडी झिजून, थोडी उपसून. बाकीच्या म्हणत, "अगं, किती वाळलीस!"

"वाळतेय कुठली? अर्धी मी माळ्यावर आहे," ती म्हणे.

बुडखा तेवढा उरला, तशी ती माळ्यावर गेली. सूपरावांनी तिची जुडी पसरून दिली. शिंदाबाई आडवी झाली. बिछाना कमरेपर्यंतच आला.

"बाकीच्या पात्या हो?"

"ताई, साठवलेलं दरवर्षी पाखडावं लागतं. हलकं होतं ते उडालं."

"माझ्या तर सगळ्या सारख्याच होत्या."

"वारं काय आमच्या हातात असतं?" सूपराव म्हणाले. त्यांच्या काठाला शिंदीच्या पातीची नवी कोरी किनार होती. शिंदाबाईने ती पाहिली आणि जन्माच्या सवयीने नजर जमिनीला लावली.

"मग कमरेखालचं मी काय करू?"

"अजून थोडी वर्षं उभ्या राहा की! मोरीत जागा आहे."

मोरीतलं पोतेरं तिला बघून हसलं. "ये बाई, ये. मीपण एकेकाळी जरीचं लुगडं. विसावा म्हणून गोधडी झाले, गोधडीची ही अशी. इथे थेट कुणी येत नाही, सगळे निवृत्त होऊनच येतात."

पण मोरी घासायची तर अंगात भर हवी, आणि शिंदाबाई आता अगदीच किरकोळ होती. सूपरावांनी त्यावरही तोड काढली. बिछान्याच्या पात्या गोळा करून त्यांनी त्या तिच्याच कमरेभोवती सुतळीने आवळल्या.

"बघा, कशा भरल्यासारख्या दिसताय!"

शेवाळ चिवट होतं. शिंदाबाई खाली मान घालून घासत राहिली. जुन्या, वाळक्या पात्या कडाकड मोडत होत्या, पाण्याला लागत होत्या. दुपारपर्यंत मोरी लख्ख झाली, आणि जाळीखालून शिंदाबाईचा बिछाना वाहत गेला.