काजळगडावरचा पडसाद

"मग तो राखून ठेवलेला डाव कुठला, वस्ताद?"

दस्तगीर वस्ताद कुस्तीच्या हौदातली माती फावड्यानं हलवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुणी सांगितलं राखलाय म्हणून?"

"सगळी तालीम म्हणायची. वस्ताद पठ्ठ्याला सगळे डाव शिकवतो, पण एक स्वतःपाशी ठेवतो. उद्या पठ्ठ्याच उलटला तर असावा म्हणून."

"आणि तुला तो पायजे."

"हो."

"कुणाला पाडायचंय?"

अधिराजनं दाराकडं पाहिलं. उत्तर तालमीच्या बाहेर, चिंचेखाली लावलेल्या गाडीला टेकून उभं होतं.

हा अधिराज पोरवयात याच तालमीत घुमला होता. पुढं गुडघा गेला, कुस्ती सुटली, आणि गडी पुण्याला जाऊन व्हिडिओ गेम खेळायला लागला. नुसता वेळ घालवायला नव्हे बरं का. नवा गेम आला की हा तो शेवटपर्यंत खेळायचा आणि मग कॅमेऱ्यासमोर बसून, गेम कसा वाटला ते अस्सल मराठीत सांगायचा. लोक त्याचं ऐकून गेम घ्यायचे, नाहीतर नाद सोडायचे. नाव झालं होतं. नाव झालं की मान जरा ताठ होते, तशी याचीही झाली होती.

"एका भुताला पाडायचंय," तो शेवटी म्हणाला. "गेममधल्या."

वस्तादांनी फावडं बाजूला ठेवलं आणि हौदाच्या कट्ट्यावर येऊन बसले.

"भूत? आरं वा! दाखव की."

अधिराजनं पिशवीतून हातात मावेल एवढा कन्सोल काढला. म्हाताऱ्याला यातलं काय कळणार, असं त्याला वाटलं. पण मागायला आलेल्या माणसाला असं बोलून चालत नाही.

"हा काजळगड," तो म्हणाला. "इथं कायम अंधार. माथ्यावर एक दिवा आहे, तो कधीचा विझलाय. आपण वर जायचं आणि तो लावायचा. एवढंच काम."

"मग त्यात काय अवघड?"

"वाटेत काय काय आहे, बघा तरी!"

आणि तो दाखवायला लागला. तळ्याच्या पाण्याखाली भरलेला बाजार दाखवला. कड्याकड्यांवरून उडणारी हरणं दाखवली, त्यांच्या शिंगांना धरून लोंबकळत दरी ओलांडायची. एक म्हातारी तोफ होती, तिला गोष्ट सांगितल्याशिवाय ती वाट सोडत नव्हती. गोष्ट कंटाळवाणी झाली की सरळ गोळा!

वस्ताद तोंडावर हात ठेवून हसले. "आमची आजी अशीच हुती."

सांगता सांगता अधिराज विसरून गेला की आपण वैतागून आलोय. त्याचे डोळे पोरासारखे चमकायला लागले. कॅमेऱ्यासमोर ते असे चमकल्याला बराच काळ लोटला होता.

"पण खरी गंमत वेगळीच आहे, वस्ताद. असा गेम मी आजवर पाहिला नाही. आपण गडावर पाऊल टाकलं की मागं कुणाच्या तरी चालण्याचा आवाज येतो. आधी दिसत कुणी नाही, मग आपल्यासारखाच एक गडी दिसायला लागतो. त्याला पडसाद म्हणतात. आपण जे करू ते तो शिकतो. आपण तटावर चढलो, की तो चढायला शिकला. आपण तलवार चालवली, की त्याला तलवार आली. सुरुवातीला तो धडपडतो, पडतो, हसू येतं बघून. वर जाईपर्यंत मात्र आपल्याला येतं ते सगळं त्याला येतं."

"ध्यान देऊन शिकतो म्हणायचा."

"ध्यान कसलं देतो, डोक्यावर बसतो! माथ्यावर एक अरुंद पूल आहे. पुलापलीकडं दिवा. मी दिव्याकडं निघालो की हा मागून येऊन कंबर धरतो. मी वळतो, मारतो. माझाच वार तो परत देतो. गेम पहिल्यापासून चालू केला तरी विसरत नाही. हरून हरून जीव मेटाकुटीला आलाय."

"मग एखादा डाव राखायचा हुतास की. त्याच्यासमोर न केलेला."

अधिराजनं कपाळावर हात मारला.

"राखला होता ना! तुमच्याच तालमीतली शिकवण. सुरुवातीलाच एका बगळ्यानं मला वाऱ्यावर उडी घ्यायची विद्या दिली होती. मी ती कुठंच वापरली नाही. तीन-तीनदा दरीत पडलो, पण वापरली नाही. म्हटलं, ही शेवटाला. पुलावर गेलो, वापरली…"

"आणि?"

"कधी केलीच नव्हती, तर हाताला वळण कुठून असणार? पुलाच्या बाहेर उडालो आणि खाली गेलो. आणि ते बघून ती उडीसुद्धा पडसादाला आली."

वस्ताद खो खो हसत सुटले. इतके की त्यांना खोकला आला. अधिराजला राग आला, पण मग त्यालाही थोडं हसू फुटलं. आपलीच फजिती दुसऱ्याच्या तोंडावर दिसली की माणूस काय करणार?

"आण इकडं," वस्ताद म्हणाले.

त्यांनी कन्सोल हातात घेतला. आधी त्यांचा गडी भिंतीला जाऊन धडकला. मग स्वतःभोवतीच गरगर फिरला. मग एकदा पुलावरून खाली गेला. "अरारारा!" वस्ताद ओरडले. अधिराजनं त्यांचा अंगठा धरून कुठलं बटण कशाला ते पुन्हा दाखवलं. हळूहळू गडी पुलावर सरळ उभा राहिला.

मागून पडसाद आला. हुबेहूब तोच पोशाख, तीच चाल.

"मारा आता!" अधिराज म्हणाला.

वस्तादांनी मारलं नाही. ते पडद्याकडं बघत राहिले.

"दिवा कुठंशी हाय?"

"पुढं. पुलापलीकडं."

"आणि ह्यो मागं."

"हो."

"मग वाट कोण अडवतंय रं?"

अधिराज पडद्यावर वाकला.

वस्तादांनी अंगठ्यानं गड्याला हलकेच एका बाजूला सरकवलं. पुलाच्या कठड्याला पाठ लावून तो अंग चोरून उभा राहिला. पडसाद जवळ आला. क्षणभर थांबला. मग त्याच्या अंगावरून पुढं निघून गेला. पलीकडच्या बुरुजावर त्यानं उडी घेतली, तीच ती वाऱ्यावरची उडी, अगदी अलगद. आणि दिवा लावला.

काजळगड उजळला. किती मोठा होता तो! तट, तळी, बाजार, कड्यावर उभी राहिलेली हरणं, सगळं एकदम दिसायला लागलं. अधिराज त्या गडावर कितीतरी रात्री हिंडला होता, पण गड असा दिसतो हे त्याला ठाऊकच नव्हतं.

पडद्यावर ‘जिंकलास’ अशी अक्षरं उमटली. त्याच्या अंगावर काटा आला. आणि लगेच मागोमाग रागही आला.

"पण दिवा मी लावला नाही!"

"न्हाई लावलास."

"मग मी जिंकलो कसा?"

वस्तादांनी कन्सोल त्याच्या मांडीवर ठेवला आणि हाताची माती झटकली.

"बाहेर उन्हात ती पोरगी कोण उभी हाय?"

"मिथिला. माझ्याबरोबर काम करते."

"काम करती का शिकती?"

"…शिकली. माझ्याकडंच."

"मग आत का आणली न्हाईस?"

"तालमीत बायका…"

"ते तुझ्या येळचं. आता सकाळच्याला निम्म्या पोरीच असत्यात हौदात." वस्तादांनी दाराकडं तोंड करून हाक दिली. "ये ग आत, पोरी!"

मिथिलानं दारात चपला काढल्या. वाकून तिनं मातीला हात लावला आणि कपाळाला लावला. ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. मग तिची नजर कन्सोलवर गेली आणि ती जागच्या जागी उडाली.

"दादा! सोडलंत त्याला पुढं? सोडलंत?"

अधिराजला तिच्याकडं बघवेना.

"वस्तादांनी सोडलं."

"ओह…" ती हळूच म्हणाली. पण तोंडावरचा आनंद काही तिला लपवता आला नाही. "दिसतो किती भारी ना, दादा?"

"पोरी," वस्ताद म्हणाले, "कोपऱ्यावर जाऊन तिघांचा च्या सांग. म्हणावं, आलं ठेचून घाल."

ती गेली. वस्तादांनी तिची पावलं दूर जाऊ दिली.

"हिला आधीच कळलं हुतं," वस्ताद म्हणाले.

"चार दिवसांपूर्वी." अधिराजचा आवाज खाली आला. "मला सांगायला आली होती. दादा, एक सांगू का, म्हणाली. मी अंगावर ओरडलो. आमच्यात रिवाज आहे, ज्यानं गेम शेवटाला नेला त्यानंच कॅमेऱ्यासमोर बसून बोलायचं. मीच पाडलेला रिवाज. आजवर नेहमी मीच बसलो. उद्या काजळगडावर बोलायचंय, आणि शेवटाला नेलाय तिनं. मी तिला म्हटलं, तू गप्प राहा, मला वेळ दे. आज सकाळी ती म्हणाली, उद्या मला बसू देणार नसाल तर मी दुसरीकडं जाते."

"आणि तू गाडी काढून हितं आलास."

"हो."

"भुताला पाडायला."

अधिराजनं मान खाली घातली. हौदातल्या मातीचा, तिच्यात मुरवलेल्या तेला-ताकाचा वास त्याच्या नाकात शिरला. या मातीत पहिल्यांदा चितपट झाला तेव्हा तो रडला होता, तसंच आता रडू येतंय की काय, असं त्याला वाटलं.

"मला सांगा तरी, वस्ताद. तो डाव. एवढा एक तरी माझ्यापाशी असू दे."

वस्ताद कट्ट्यावर त्याच्याकडं सरकले.

"आमच्या वस्तादांनी राखला हुता एक," ते म्हणाले. "लई भारी डाव. माझ्या डोळ्यांनी मी तो एकदा बघितला. समोरचा हत्तीएवढा गडी, कुठं गेला कळलं न्हाई. मी त्यांचं पाय चेपलं, पाणी भरलं, आजारपणात उशाला बसून राहिलो. शिकवतील, शिकवतील म्हणत राहिलो. एक दिवस वस्ताद गेलं. डाव त्यांच्यासंगट सरणावर गेला. आता या मुलखात तो डाव कुणाला येत न्हाई."

इतक्या वर्षांनीही त्यांना ते लागत होतं, आणि ते लपवायची त्यांना गरज वाटली नाही.

"म्हणून मी न्हाई ठेवला. एक बी न्हाई. जे येत हुतं ते समद्यांना दिऊन टाकलं. तुला बी. माझ्यापाशी आता काय शिल्लक न्हाई, आध्या."

अधिराजला ते खरं वाटेना. मग वाटलं. आणि खरं वाटलं तेव्हा त्याला भीतीच वाटली. ती त्यानं बोलून टाकली, कारण आता झाकायला काही उरलं नव्हतं.

"मीही असाच रिकामा झालो तर? तिला खुर्ची दिली, सगळं देऊन बसलो, तर उद्या माझ्याजवळ कोण थांबेल, वस्ताद?"

वस्ताद उठले. फावडं घेऊन पुन्हा हौदात उतरले. दोन फावडी माती हलवली. मग पाठमोरेच म्हणाले,

"शिल्लक न्हाई म्हणून सांगितलं तुला. मग तू अजून माझ्यापाशी का बसलायस?"