दोरीचं पुढचं टोक

खूप जुनी गोष्ट आहे. तेव्हा खाडीवर पूल नव्हता, आणि पोरांना कुणी काही विचारत नव्हतं. पूल पुढे झाला.

गाव होतं खाडीतल्या बेटावर आणि शाळा पलीकडच्या काठावर. ओहोटी लागली की गुरुजी पोरांना चिखलातून शाळेत न्यायचे आणि भरती यायच्या आत परत आणायचे. बारा पोरं, एक लांब दोरी. दोरीचं पुढचं टोक गुरुजींच्या हातात. नियम एकच, नजर पुढच्याच्या टाचेवर. मान वर केली की छडी.

शाळेत मात्र पुढाऱ्याचे दहा गुण पाठ करून घेत. धैर्य, निर्णय, दूरदृष्टी. पोरं ते घडाघडा म्हणायची आणि पुन्हा दोरी धरून टाचा बघत घरी यायची. मोठी माणसं काठावर उभी राहून म्हणायची, काय शिस्त आहे आमच्या पोरांना. एकालाही हसू आलं नाही.

केवडी नावाची आठ वर्षांची पोर सगळ्यांत शेवटी असायची. ती मान वर करायची, वर प्रश्न विचारायची, म्हणून तिला शेपटाला ठेवलं होतं. शेपटाला एक बरं होतं, तिथून सगळं दिसायचं. वाट दाखवणारे खुंट गुरुजी हल्ली हाताने चाचपडून ओळखतात, हे तिला दिसलं होतं. बापाला सांगितलं, तर मोठ्यांच्या चुका काढतेस का म्हणून त्याने तिलाच गप्प बसवलं.

एक दिवस उधाणाने एक खुंट उपटून भलतीकडे रोवला. परतताना गुरुजींनी तो चाचपला, वळले, आणि कमरेपर्यंत चिखलात रुतले.

"जागचं हलू नका," ते ओरडले.

कुणी हललंच नाही. भरतीचं पाणी घोट्याला लागलं, तरी बारा पोरं टाचा बघत उभी. अशी ती शिस्त.

केवडीने दोरी सोडली. पोरांच्या पावलांवर पाय देत ती पुढे आली.

"गुरुजी, खरं सांगा. तुम्हाला दिसतं का?"

गुरुजींनी आधी डोळे वटारले. मग पाणी छातीला लागलं.

"नाही गं बाय. दोन वर्षं झाली."

केवडी पोरांकडे वळली. "माना वर करा. वाट मलाही ठाऊक नाही. ज्याला जे ठाऊक असेल, त्याने बोलावं."

एकेक करून माना वर झाल्या. मग गोंद्या पुटपुटला. आईबरोबर तो कालवांचे शिंपले काढायला जायचा. जिथे कालवं चिकटलेली, तिथे खाली खडक असतो, एवढंच त्याला ठाऊक होतं.

"मग तू पुढे हो."

"मी? मी तर ढ आहे."

"आज नाहीस."

गोंद्याने पायाने चाचपत खडक शोधला. केवडीने थोराड पोरं पुढे घेतली, दोरी गुरुजींच्या काखेतून घातली, आणि खडकावर उभ्या बारा जणांनी त्यांना हिसक्यासरशी बाहेर ओढलं. जी दोरी पोरांना बांधायला होती, ती पहिल्यांदा कुणाच्या तरी कामी आली. मग गोंद्या पुढे, गुरुजी मध्ये, आणि मागे राहून डोकी मोजणारी केवडी.

कालवांनी तळवे कापले, पाणी कमरेला आलं, पण तेराच्या तेरा जण गावाला लागले.

काठावरच्या मोठ्यांनी पहिला प्रश्न विचारला, "दोरी कुणी सोडली?"

गुरुजी म्हणाले, "पोरं मी शिकवलं तशी वागली असती, तर तुम्ही आता मढी मोजत असता."

कुणाला तोंड वर करवेना. टाचा बघायची पाळी आता त्यांची होती.

दुसऱ्या दिवशी गुरुजी शेपटाला गेले. दोरीचं पुढचं टोक सगळ्यांत लहान पोराच्या हातात दिलं, आणि मग रोज एकाची पाळी. केवडीची पाळी बाराव्या दिवशी आली. तिने दोरी गुंडाळून खांद्यावर टाकली आणि चालू लागली. मागे सगळ्यांच्या माना वर होत्या.

सांगायचं ते एवढंच, की पोरांनी पुढे व्हावं असं वाटत असेल, तर मोठ्यांनी आधी मागे चालायला शिकावं.