मास्तरांच्या दारावरची डहाळी

सातपुड्याच्या उतारावर, कन्हान नदीच्या एका वळणाशी वडधरा नावाचं लहानसं गाव आहे. तिथे कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, छपराचं एक साधं मंदिर आहे आणि त्यात जमणारी आपली लूथरन ख्रिस्ती मंडळी. या मंडळीचे पाळक शांतवनबाबा एकतीस वर्षं त्या गावी राहिले. आपल्यात संतांना नवस बोलत नाहीत, उदबत्ती लावत नाहीत. बाबांनी ती लावूही दिली नसती, उलट लावणाऱ्याला आधी घरी जाऊन शेजाऱ्याची विचारपूस करायला पिटाळलं असतं! पण प्रेमाच्या माणसाची आठवण काढायला कोणाची आडकाठी आहे? म्हणून ही कथा.

मानमोडीच्या तापाची साथ आली ते वर्ष. पाऊस आधीच कमी झालेला. शेतात कापूस फुटून लोंबत होता आणि वेचायला माणूस उभा राहत नव्हता. सकाळी अंग मोडून आलं की संध्याकाळी माणूस अंथरुणाला, आणि चौथ्या दिवशी खांद्यावर. एकेका घरात चूल पेटवायला कोणी उरत नव्हतं.

बाबांनी दोन गोष्टी केल्या. उपासना मंदिरातून उचलून बाहेर चिंचेखाली आणली, घराघरांना लांब लांब बसवलं आणि सगळ्यांनी ओठ लावायचा प्रभुभोजनाचा प्याला काही दिवस कपाटात ठेवला. दुसरी गोष्ट धान्याची. आपल्या बायका दळायला बसण्याआधी मूठभर ज्वारी देवाच्या नावाने वेगळी काढतात आणि रविवारी वेदीपुढच्या टोपलीत ओततात. बाबा म्हणाले, "यंदा ही मूठ भरडा. कण्यांची पेज करा. ज्याच्या घरी ताप असेल त्याने दारावर कडुनिंबाची डहाळी बांधावी. म्हणजे उगाच कोणी आत शिरणार नाही, आणि पेज मात्र उंबऱ्यापर्यंत पोचेल."

पेज शिजवायला आणि पोचवायला पुढे आली ती भागीबाई. मंदिर झाडणारी, एकटी, पन्नाशीला टेकलेली बाई. अक्षर ओळखत नसे. धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरीची उत्तरं तीन वर्षं पाठ करत होती आणि तीन वर्षं मध्येच अडखळत होती. नाकाला फडकं बांधून, डोक्यावर मडकं घेऊन ती दिवसातून दोनदा गावभर फिरू लागली.

हे रुचलं नाही ते सत्यवान मास्तरांना. मास्तर मिशनच्या शाळेत शिकवत आणि मंडळीचे पंच होते. प्रश्नोत्तरी त्यांना उलटसुलट पाठ! शिकवण खरी शिकलेले होते, यात शंका नाही. फक्त ती स्वतःला सोडून सगळ्यांना लावत. चिंचेखाली उपासना संपली तसे ते सर्वांदेखत म्हणाले, "भागीबाई, किती मडकी वाटली म्हणजे स्वर्गाचं दार उघडतं? तारण कृपेनं मिळतं, कृत्यांनी नाही, हे एवढी वर्षं शिकवून तुमच्या डोक्यात काही शिरलेलं दिसत नाही."

माणसं हसली. भागीबाई पदर सावरत म्हणाली, "मले का मालूम, मास्तर? तापातला माणूस पेज मांगते, येवढं मालूम हाय."

"आणि बाबा," मास्तर आता पाळकांकडे वळले, "देवाच्या वाट्याचं धान्य आपण गावात वाटता, प्याला कपाटात ठेवता, दारावर डहाळ्या बांधायला सांगता. याला विश्वास म्हणायचं?"

बाबा रागावले नाहीत. ते म्हणाले, "मास्तर, तारण कृपेनं मिळतं हे सोळा आणे खरं. देवाला आपली पेज नको आहे. पण रामजी तेल्याला हवी आहे, त्याच्या म्हातारीला हवी आहे. देवाला जे नको ते शेजाऱ्याला द्यायला काय हरकत आहे? आणि आगीत उडी मारून 'देवा, वाचव' म्हणणं, याला मी विश्वास म्हणत नाही."

"आमच्या घराला डहाळी लागायची नाही," एवढं बोलून मास्तर चालू लागले.

मास्तरांची एकुलती एक मुलगी सुगंधा बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली. तिचं बारसं व्हायच्या आधीच मास्तरांनी घराचं दार आतून लावून घेतलं. बाबांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "दार लावलं ते चांगलं केलं. घरात तान्हं लेकरू आहे. फक्त गरज पडली तर डहाळी बांधायला लाजू नका, असा निरोप त्यांना द्या." निरोप खिडकीतून पोचला. मास्तरांनी खिडकीही लावून घेतली.

दार लावूनही ताप आत गेलाच. आधी मास्तरांच्या पत्नी शेवंताबाई पडल्या, मग सुगंधा, मग मास्तर स्वतः. परसात कडुनिंब होता. मास्तर दोनदा विळा घेऊन झाडाखाली गेले आणि दोनदा हात मागे घेतला. सगळं गाव म्हणेल, मास्तरांच्या विश्वासालाच ताप भरला! तिसऱ्यांदा जायचं म्हणून उठले तर पाय उचलेना. घरातलं पाणी संपलं. सुगंधाचं दूध आटलं. पाळण्यातल्या पोरीचं रडणं आधी घरभर होतं, ते हळूहळू बारीक होत चाललं. मास्तरांनी प्रार्थनेला तोंड उघडलं, पण पाठ केलेलं एक वाक्य आठवेना. शेवटी एवढंच निघालं, "प्रभू, माझ्या लेकीला, नातीला मरू देऊ नको." मग त्यांची शुद्ध गेली.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या सुमारास बाबा रिकाम्या मंदिरात गुडघ्यांवर होते. बाहेर आले ते थेट भागीबाईच्या पेजेच्या चुलीपाशी. म्हणाले, "भागी, आज पहिली पेज मास्तरांकडे."

"त्यायच्या दारावर डहाळी नाई, बाबा."

"असेल."

"मी काल सांजेले त्याच वाटेनं आली. नव्हती."

"आज असेल," बाबा म्हणाले. "जा."

भागीबाई गेली. आणि काय आश्चर्य! मास्तरांच्या दाराच्या वरच्या चौकटीला, हात पुरणार नाही इतक्या उंच, कडुनिंबाची हिरवीगार डहाळी बांधलेली. तिने मडकं ओट्यावर ठेवलं, काठीने दार वाजवलं आणि ठरल्याप्रमाणे चार पावलं मागे सरली. कोणी येईना. ती परतणार एवढ्यात आतून बारीकसा आवाज आला, मांजराच्या पिलासारखा.

मग ती थांबली नाही. दाराला आतून कडी होती. पन्नाशीची ही बाई परसातून ओसरीच्या छपरावर चढली, कवेलू काढली आणि स्वयंपाकघरात उतरली! आधी तिघांच्या तोंडात पाणी घातलं. मग चूल पेटवली, शेजारच्या बकरीचं दूध आणून ऊन केलं आणि कापसाच्या बोळ्याने थेंब थेंब पोरीच्या ओठांवर पिळलं. पहिले काही थेंब तसेच ओघळून गेले. मग पोरीने जीभ हलवली. भागीबाई तिथेच जमिनीवर बसून रडली.

आठ दिवस ती त्या घरातून हलली नाही. शेवंताबाई सावरल्या, मास्तर डोळे उघडू लागले. सुगंधाचा ताप मात्र उतरेना. सहाव्या दिवशी बाबा आले. नाकाला फडकं बांधून ते सुगंधाच्या उशाशी बसले, तिच्या कपाळावर हात ठेवला आणि मोठ्याने नव्हे, घरच्या माणसाशी बोलावं तसे देवाशी बोलले. "प्रभू, हिचं लेकरू लहान आहे. तुझी इच्छा होवो, पण आमची इच्छा तुला माहीत आहे." दुपारपर्यंत ते तिथून उठले नाहीत. दुपारी सुगंधाला दरदरून घाम फुटला आणि तिने पाणी मागितलं.

आठव्या दिवशी मास्तर भिंतीला धरून दारापर्यंत आले. डहाळी तशीच होती. गावातल्या दारांवरच्या डहाळ्या त्या उन्हात दुसऱ्या दिवशीच कोळपत. या डहाळीचं एक पान सुकलं नव्हतं. मास्तर म्हणाले, "भागीबाई, ही बांधलीत त्याचे उपकार आहेत."

"मी कायले बांधू? तुमीच बांधली ना?"

मास्तरांनी नाही म्हणून मान हलवली. पुढे बाबांनी घरोघर विचारलं. बांधणारा कोणी निघाला नाही. कोणी म्हणतं, देवदूताने बांधली. कोणी म्हणतं, एखाद्या शेजाऱ्याने बांधली असेल, आणि तो पुढे त्याच तापात गेला म्हणून सांगायला उरला नाही. बाबांना विचारलं तर ते म्हणत, "दोन्ही एकच."

अंगात थोडी ताकद येताच मास्तर बाबांकडे गेले आणि चारचौघांदेखत त्यांच्या पायांवर वाकू लागले. बाबांनी त्यांना मधेच धरलं.

"हे काय, मास्तर?"

"बाबा, मी त्या बाईची थट्टा केली. आपलीही केली. माझ्या फुशारकीपायी माझी पोर आणि नात गेली असती." मास्तरांनी हात जोडले. "मी काय करू सांगा. रोज मडकं वाहीन, मंदिर झाडीन, काय म्हणाल ते करीन. पण हे माझ्याकडून फिटू दे."

बाबा हसले. त्यांचे डोळे भरले होते. "अहो मास्तर, आता तर तुम्हीच कृत्यं मोजायला लागलात! काही फिटायचं नाही आणि काही फेडायचंही नाही. क्षमा झाली. तुम्ही शुद्धीवर येण्याआधीच झाली. लेक मिळाली, नात मिळाली, सगळं फुकट मिळालं. आता तुमचे हात मोकळे आहेत. मोकळ्या हातांचं काय करायचं ते मी सांगायला नको."

 मास्तर तसेच पेजेच्या चुलीपाशी गेले. भागीबाई मडक्यात पेज ओतत होती. "मास्तर, तुमी आजारी माणूस, बसा," ती म्हणाली. मास्तर बसले नाहीत. त्यांनी फडकं नाकाला बांधलं, मडकं उचललं आणि रामजी तेल्याच्या घराकडे निघाले.

दारावर सुकलेली डहाळी होती. मास्तरांनी काठीने दार वाजवलं.

"कोन हाय?" आतून म्हाताऱ्या तेलिणीचा थकलेला आवाज आला.

मास्तर वाकले, इतके की कपाळ उंबऱ्याला टेकलं, आणि मडकं अलगद खाली ठेवलं.

"भागीबाईनं पाठवलंय, आजी," ते म्हणाले. "गरम आहे, जपून घ्या."