शिबंदीची तहान

पूर्वी वज्रबाहू नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या पदरी दुर्गपाल होता. राजाने डोंगराळ मुलखातले शिलावती गाव जिंकले, तिथल्या राजाला पळवून लावले आणि टेकडीवरच्या किल्ल्यात शिबंदी बसवून तिचा भार बोधिसत्त्वावर सोपवला.

किल्ला मोठा बळकट. तट उंच, बुरूज रुंद, सगळे काही होते. फक्त उन्हाळ्यात टाके आटले आणि पाण्याचा थेंब उरला नाही. विहीर एकच, तीही खाली गावात. बोधिसत्त्वाच्या हाताखालचा नायक उत्तिय म्हणाला, विहिरीवर पहारा बसवू, आधी आपण भरू, उरेल ते गावाला. जिंकणाऱ्यांची रीतच ती. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

“उत्तिया, तहान आपल्याला लागली आहे,” बोधिसत्त्व म्हणाला. “मग रांगेतही आपणच उभं राहू.”

झाले! मिशांना पीळ भरणारे वीर शस्त्रे वर ठेवून, रिकाम्या घागरी घेऊन गावच्या बायकांमागे उन्हात उभे राहू लागले. बायका तोंडाला पदर लावून हसत. उत्तियाच्या अंगाचा तिळपापड होई. आज हसतात त्या उद्या विष घालतील, असे तो भेटेल त्याला सांगे. तो काही दुष्ट नव्हता. आपली माणसे जगावीत एवढीच त्याची तळमळ होती.

आणि एके दिवशी हेराने तीच बातमी आणली. पळालेला राजा सैन्य घेऊन जवळच्या रानात आला होता. त्याने गावात विष पाठवले होते. विहिरीत टाका, शिबंदी मेली की वेस उघडा, असा निरोप होता. गावाने काय ठरवले, ते मात्र हेराला कळले नव्हते.

दुसऱ्या दिवशी शिबंदी खाली उतरण्याआधीच श्यामा नावाची गावातली म्हातारी भरली घागर डोक्यावर घेऊन, धापा टाकत किल्ला चढून आली. असे कधी घडले नव्हते. उत्तियाने तलवार उपसली. आधी हिला पाजा, प्यायली नाही तर गाव जाळतो, असे तो म्हणाला.

बोधिसत्त्वाने म्हातारीकडे पाहिले. तिचे डोळे जागरणाने लाल झाले होते. काही न विचारता त्याने घागर उतरवून घेतली, तोंडाला लावली आणि तो पोटभर पाणी प्यायला.

म्हातारी मटकन खाली बसली आणि रडू लागली.

“बाबा, ते विष आम्ही दरीत पुरलं,” ती म्हणाली. “आमच्याच राजानं आमच्या विहिरीत विष घालायला सांगितलं. तुम्ही परके, तरी आमच्या मागं रांगेत राहिलात. रात्रभर सारा गाव विहिरीभोवती बसून होता. पण तुमच्या कानावर आलंच असेल, आता तुम्ही आमच्या हातचं पाणी घेणार नाही, हीच धास्ती होती. म्हणून मी आले.”

गावाची वेस काही उघडली नाही. पळालेला राजा वाट पाहून पाहून आल्या वाटेने परत गेला. पण ते नंतरचे. त्या सकाळी उत्तियाने तलवार म्यान केली, म्हातारीपुढे गुडघे टेकले आणि ओंजळ धरली. तिने डोळे पुसून त्याच्या ओंजळीत पाणी घातले.

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, “भिक्खूंनो, ती श्यामा म्हणजे आजची भिक्खुणी उत्पलवर्णा. दुर्गपाल मीच होतो. आणि उत्तिय म्हणजे सोबत्यांच्या धास्तीनं कुटीला आतून अडसर घालून झोपणारा इथलाच एक भिक्खू. त्याचं नाव मी सांगत नाही, त्यानं मान खाली घातलीच आहे. त्या जन्मी मी जी आचरली, तिला मैत्री म्हणतात.”