वाटेवरचा चोथा

"फुफ्फुसात दुःख साचलंय, हे मी पहिल्याच दिवशी नाडीवरून ओळखलं. मग गुण का येत नाही, गुरुजी?"

वृद्ध वैद्य हान मुळ्या निवडत बसले होते.

"दुःख कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे? सू-लानचं. नाडी तिचीच होती."

हान पुन्हा मुळ्या निवडू लागले...

वेनबो हा त्यांचा सात वर्षांपासूनचा शिष्य. बोटं हुशार, आणि ती हुशार आहेत हे त्याला जरा जास्तच ठाऊक. शहरात स्वतःचा दवाखाना काढायची परवानगी त्याने मागितली, तेव्हा हान एवढंच म्हणाले होते, "डोंगराखाली मडकी भाजणाऱ्यांची वस्ती आहे. तिथल्या सू-लानला बरी कर आणि खुशाल जा."

त्याला वीस दिवस झाले. बाईचा खोकला हटेना, अंगावरचं मांस मात्र झडत चाललं. वेनबोला तिची काळजी होती. परवानगीचीही होती, हे कशाला लपवा?

"मात्रा वाढवून बघतो," तो म्हणाला.

"चल," हान उठले.

त्या मुलुखात काढा गाळून उरलेला चोथा दारासमोरच्या वाटेवर टाकतात. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तो तुडवला की आजार त्यांच्या पावलांबरोबर निघून जातो, अशी लोकांची समजूत.

सू-लानच्या दारासमोरही चोथा पडलेला होता. वेनबो सवयीने बाजूने गेला. हान सरळ त्यात जाऊन उभे राहिले. मग खाली वाकले, एक काडी उचलली आणि चावली.

"घे. ज्येष्ठमध आहे."

चार लोक बघत होते. वेनबोने नाइलाजाने दुसरी काडी तोंडात टाकली.

"गोड लागतोय?"

"...नाही. कसलीच चव नाही."

"दोन उकळ्यांत ज्येष्ठमधाचा गोडवा जातो?"

"छे. सहा-सात वेळा तरी उकळलाय हा." वेनबोचा चेहरा लाल झाला. "दोनच उकळ्या घ्या, म्हणून मी बजावलं होतं. बाई ऐकतच नाही. पालथ्या घड्यावर पाणी."

सू-लान दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"पहिल्या दोन उकळ्या ह्यांना देते," ती हळूच म्हणाली आणि तिने आतल्या पडद्याकडे बोट दाखवलं. "माझ्याहून जास्त खोकतात. भट्टीवर कळलं तर कामावरून काढतील, म्हणून कुठे बोललो नाही. मग त्याच पाल्यात पाणी घालत राहते आणि मी पिते."

पडद्यामागे कुणीतरी खोकला दाबला.

"मला तरी सांगायचं होतं," वेनबो म्हणाला.

"सांगणार होते, वैद्यबुवा. पण तुम्ही मनगट धरता आणि डोळे मिटता. मध्येच बोलणं बरं दिसत नाही."

वेनबोला त्या सात वर्षांत इतकं ओशाळल्यासारखं कधी वाटलं नव्हतं. तो पडद्याआड गेला. अंथरुणाशी बसला. त्या माणसाचं मनगट हातात घेतलं, पण डोळे उघडे ठेवले.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

माणूस बोलत राहिला. वेनबोने एकदाही त्याला थांबवलं नाही. सू-लान चुलीपाशी पाठ करून बसली होती आणि बाहीने डोळे पुसत होती.

परत निघाले तेव्हा ऊन कललं होतं. दोघांसाठी दोन वेगळी औषधं द्यायचं ठरलं होतं.

"गुरुजी, परवानगीचं मी आता विचारत नाही. एवढंच सांगा... वीस दिवस मला हे दिसलं कसं नाही?"

हान थांबले. त्यांच्या कापडी जोड्यांना चोथा चिकटून वाळला होता. त्यांनी शिष्याच्या पायांकडे पाहिलं.

"रोज याच वाटेने येत होतास ना?"

"रोज."

"मग तुझे जोडे इतके स्वच्छ कसे?"