आक्काची जागा

काळडोहाच्या खोऱ्यात एसटीची धूळ उडायच्याही आधीची ही गोष्ट. तेव्हा या खोऱ्याची आमदार एक बाई होती. सगुणाक्का तिचं नाव. पण आमदारीणबाई असं तिला कुणी कधी म्हटलं नाही. लहानथोर सगळे नुसतं आक्काच म्हणत.

आक्काच्या अंगणात सकाळपासून माणसं बसलेली असायची. कुणाच्या लेकराला शाळेत घेत नाहीत, कुण्या म्हातारीला रेशनकार्ड मिळत नाही. आक्का प्रत्येकाला पत्र लिहून द्यायची. खाली सही, सहीशेजारी शिक्का. ते पत्र घेऊन गेलेलं माणूस रिकाम्या हातानं परतत नसे. आक्काच्या पत्रानं कुलूप उघडतं, असं म्हणत.

वरच्या धनगरवाड्यावर बिजलाबाई राहायची. तिची आठ वर्षांची ठकू एकदा तापानं फणफणली. तापातच बडबडू लागली. बिजलाबाईनं तिला घोंगडीत गुंडाळून पाठीवर घेतलं, डोंगर उतरला आणि तालुक्याचा सरकारी दवाखाना गाठला.

दारात कंपाउंडर उभा होता. म्हणाला, "पत्र आणलंय?"

"कसलं पत्र?"

"आमदारांचं. त्याशिवाय खाट नाही."

"सायेब, पोर तापलीया वं."

"मग लवकर जा की!"

बिजलाबाईनं त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं. दोन खाटा मोकळ्या होत्या. वर पांढऱ्या चादरी, एक सुरकुती नाही. बाहेर ओसरीत मात्र अकरा माणसं जमिनीवर कण्हत पडली होती. त्या चादरी बिजलाबाई जन्मात विसरली नाही.

आवार झाडणाऱ्या बाईजवळ तिनं ठकूला ठेवलं आणि नऊ मैल अनवाणी चालत आक्काचं अंगण गाठलं.

"आक्का, चिठ्ठी द्या. खाट मोकळी हाय, पर चिठ्ठीबिगर देत न्हाईत."

आक्कानं सवयीनं कागद ओढला. तारीख घातली. आणि तिचा हात थांबला.

"पत्राशिवाय खाट देत नाहीत? हे कधीपासून?"

बिजलाबाईला राग आला. पोर तिकडं तडफडतेय आणि ही बाई चौकशा करत बसलीय! ती फाडकन बोलली, "तुमी लिवाय लागलासा तवापासनं! आधी नुसतं गेलं तरी आत घेत हुते. आता म्हंत्यात, आमदाराची मानसं आधी."

आक्काचा चेहरा काळाठिक्कर पडला. "म्हणजे कुलूप मीच घातलं," ती म्हणाली. तिनं पेनाला टोपण लावलं आणि उठली. "चल."

"आन चिठ्ठी?"

"चिठ्ठी नाही."

"दोन अक्षरं लिवाय तुमचं काय जातंय वं? माझी पोर मरंल!"

आक्का चालू लागली. बिजलाबाई मागून रडत होती, शिव्या मोजत होती. आक्कानं एकही शिवी परत केली नाही. त्या दिवशी नऊ मैल संपेपर्यंत सूर्य जागचा हलला नाही, असं म्हणतात.

ओसरीत पोचताच आक्का जमिनीवर बसली आणि ठकूचं डोकं तिनं मांडीवर घेतलं. धुळीनं माखलेल्या त्या बाईला कंपाउंडरनं ओळखलं नाही. "ए बाई, पत्र आणलं का?"

"पत्र लिहिणारी आलीय."

कंपाउंडरची बोबडीच वळली. आतून डॉक्टर धावत आले, मागून खुर्ची आली. "आक्का, आत चला. आत्ता खाट देतो पोरीला."

"माझ्यासाठी नको. कशासाठी देता ते मोठ्यानं सांगा."

डॉक्टर घुटमळले. मग सगळ्यांदेखत म्हणाले, "पोर आजारी आहे म्हणून."

"आणि ही अकरा माणसं?"

"तीसुद्धा... आजारी आहेत म्हणून."

माणसं आत गेली. खाटा पुरल्या नाहीत, तेव्हा डॉक्टरांच्या टेबलावर गादी पडली. मग आक्कानं आपल्या पत्रांची फाईल मागवली. चांगली वीतभर जाड निघाली ती.

"ही जपून ठेवलीत," आक्का कडाडली. "पत्र नाही म्हणून परत धाडलेल्यांची फाईल कुठंय?"

ती कुणाकडेच नव्हती. परत गेलेल्यांची नावंसुद्धा कुणी विचारली नव्हती. ती माणसं घरी पोचली की वाटेतच राहिली, हे आजवर कुणाला ठाऊक नाही.

आक्कानं आवारात तीन दगड मांडले आणि ती सगळी पत्रं चुलीत घातली. त्यावर ठकूसाठी पाणी तापवलं. तेवढ्या कागदांवर तीन दिवस पाणी उकळत राहिलं, असं म्हणतात. चौथ्या सकाळी ठकूचा ताप उतरला आणि तिनं ताक-भाकरी मागितली.

त्यानंतर आक्कानं पत्र म्हणून लिहिलं नाही. कुणी आलं की ती चपला घालायची, त्याच्यासोबत जायची आणि काम होईपर्यंत बाकावर बसून राहायची. एकाच मंगळवारी ती शाळेत, कचेरीत आणि दवाखान्यात बसलेली दिसली. तिन्हीकडचे शिपाई तशी शपथ घ्यायचे, असं म्हणतात. दवाखान्याच्या ओसरीतला दगड बसून बसून खोलगट झाला, तो अजून दाखवतात.

आक्का गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी कारकुनांनी हुश्श केलं. पण त्या सकाळी धनगरवाड्यावरून बिजलाबाई खाली उतरली आणि त्या दगडावर जाऊन बसली. संध्याकाळपर्यंत उठली नाही. दुसऱ्या दिवशी ठकू बसली.

आजही काळडोहाच्या खोऱ्यात सरकारी दारी कुणी एकटं जात नाही. सोबत एक बाई जाते. ती अर्ज करत नाही, हात जोडत नाही, नुसती बाकावर बसते. नवा साहेब असला की हटकतो, "तुमचं काय काम?"

"माझं कायबी न्हाई," ती म्हणते. "आक्काची जागा धरलीया. तुमी तुमचं काम करा."