रात्रीचं दुसरं टोक

एक होतं गाव. हो हो, राजाचीच गोष्ट आहे, पण राजा जरा थांबून येईल. कारण या गावात राजा जन्माला येत नसे, तो निवडावा लागे.

गाव होतं डोंगराच्या उतारावर. वर वरची आळी, खाली खालची आळी. आणि डोंगरमाथ्यावर ठेवलेली असे रात्र. खरंच, घडी घालून! फार पूर्वी दोन्ही आळ्यांतल्या बायांनी मिळून ती शिवली होती, गोधडीसारखी. काळे-निळे तुकडे, मध्ये मध्ये चांदण्यांचे टाके. संध्याकाळ झाली की एक टोक वरच्या आळीनं धरायचं, दुसरं खालच्या आळीनं, आणि दोघांनी मिळून ती गावावर पसरायची. सूर्य तोवर डोंगराच्या खांद्यावर ताटकळत बसे. रात्र अंगावर आली की मगच तो जाई. आणि त्या बाया शहाण्या होत्या, बरं का. त्यांनी टाकेच असे घातले होते, की एका आळीचं टोक दुसरीच्या हाताला उचलायचंच नाही.

पण वरच्या आळीची माणसं दांडगी. ती जोरात ओढत. मग रात्र सगळी त्यांच्याच छपरांवर, आणि खालच्या आळीला उरे चतकोर. तिथं डोळा लागतो न लागतो तोच उजाडे. माणसं झोपेतच शेतावर जात. कुणाचा विळा बोटावर बसे, कुणी औतामागे चालता चालता आडवं होई.

त्या खालच्या आळीत होती हौसा, कुंभाराची मुलगी. तिच्या आईला जन्मात कधी स्वप्न पडलं नव्हतं. स्वप्न पडायला रात्र पुरायला हवी ना! म्हणून निवडीच्या वेळी हौसा उभी राहिली. म्हणाली, "गोधडीच्या मध्यावर लाल दोरा बांधू. दोन्हीकडे सारखी रात्र."

वरच्या आळीतून उभे राहिले दौलतबापू. मोठ्या मिशांचे, मोठ्या आवाजाचे. ज्याला हौसा हवी त्यानं टोपलीत झेंडू टाकायचा, ज्याला बापू हवेत त्यानं शेवंती. काय ते भांडण! सख्खे भाऊ एकमेकांकडे पाठ करून जेवू लागले. बायका पाणवठ्यावर बोलेनाशा झाल्या. आणि शेवटी झेंडू जास्त भरला. जरासाच.

मग हौसा राणी झाली. कपाळाला हळद लावली, गादीवर बसवली. संध्याकाळ झाली. खालच्या आळीनं आपलं टोक धरलं. वरच्या आळीनं मात्र हात पाठीमागे बांधले.

बापू म्हणाले, "गादी तुझी, रात्रही तुझी. ओढ की आता एकटी!"

आणि रात्र झालीच नाही.

मग हौसा डोंगर चढून बापूंच्या ओसरीवर गेली. बापूंनी तिला ताक दिलं. गोड बोलले. "अगं पोरी, आम्ही कुठं नाही म्हणतो? सभा बोलाव. सभेत ठरू दे."

तिनं सभा बोलावली. तिथली रीत अशी, की एकही पाट रिकामा राहिला तर सभा मोडली. बोलायला सुरुवात झाली, की वरच्या आळीचा कुणीतरी उठे. एकाची म्हैस सुटली. दुसऱ्याचं पोट दुखायला लागलं. तिसऱ्याला पोटही नाही दुखलं, तो नुसताच हसत उठून गेला. सभा मोडली. पुन्हा बोलावली, पुन्हा मोडली. सूर्य तिथंच.

मग खालच्या आळीतले तरणे पोरगे चिडले. "सभा गेली खड्ड्यात! आपलं टोक आपल्या हातात आहे ना? ओढा!" त्यांनी ओढलं. गोधडी आली, पण तिरकी. घसरली आणि पडली ती थेट नदीत. मग काय, नदीत रात्र! मासे झोपले. खेकडे झोपले. आणि माणसं काठावर उन्हात उभी राहून पाण्यातल्या चांदण्या बघत बसली.

"आणि बेडूक?"

बेडूकही झोपले. तू मध्ये बोलू नकोस. गोधडी ओढून काढली, पिळली, पुन्हा माथ्यावर नेऊन वाळत घातली.

आता सगळेच पेंगुळले होते. दूध उतू जाई, भाकरी करपे. आणि माणूस दमला की त्याला सोपं काहीतरी सुचतं. खालच्या आळीचे लोक कोलीत घेऊन आले. म्हणाले, "वरच्यांचं टोकच जाळून टाकू."

हौसा गोधडीवर जाऊन बसली. "मला आधी जाळा. त्यांचं जाळलं तर आपलं तेवढं उरेल का? आग काय लाल दोऱ्यापाशी थांबणार आहे?"

लोक कोलीत टाकून परत गेले. पण जाताना म्हणाले, "फितली ही. बापूंना मिळाली." ज्यांनी झेंडू टाकला होता, त्यांनीच म्हटलं हे. तिला सगळ्यात जास्त दमवलं ते यानं.

तेवढ्यात बापू आले. त्यांचेही डोळे लालभडक. तरी मिशीत हसत म्हणाले, "बारा पौर्णिमा झाल्या की पुन्हा निवड. आम्ही काहीसुद्धा करणार नाही. नुसते थांबू. किती दिवस उरले तुझे?"

हौसानं जांभई दिली. म्हणाली, "बापू, कुठले दिवस? मला गादीवर बसवलं, तोच दिवस चाललाय अजून."

बापूंनी सूर्याकडे पाहिलं. बोटांवर मोजायला गेले, पण मोजणार काय?

"पौर्णिमा यायला रात्र लागते, बापू. तुम्ही टोक धरत नाही, म्हणून माझं राज्य पुढं सरकतच नाही. तुम्ही थांबा हवं तितकं. मी राणी आहेच."

बापू मटकन खाली बसले. "बरं," म्हणाले, "ओढतो. पण जुन्या मापानं."

"मग नको. बसू या."

दोघं बसून राहिले. उन्हात. हौसाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते जांभयांचं होतं की रडण्याचं, तिचं तिलाच कळेना. सारखं मनात येई, म्हणावं हो आणि मोकळं व्हावं. पण ती हो म्हणाली नाही.

मग वरच्या आळीतून बापूंच्या सुनेचा आवाज आला. "मामंजी, धरा ना ते टोक! पोर रडून रडून निळं पडलंय. मेलं ते माप!"

बापू उठले. गुरगुरत म्हणाले, "बांध तुझा लाल दोरा. पण मी मनापासून ओढत नाही, सांगून ठेवतो. तू लवकर जावीस म्हणून ओढतोय."

"कशासाठी का असेना," हौसा म्हणाली. "धरा."

मग दोघांनी ओढली. सर्र सर्र सर्र. दोन्ही आळ्यांवर सारखी. सूर्य बिचारा पटकन निघून गेला. जो जिथं होता तो तिथंच झोपला, कुणी पायरीवर, कुणी गोठ्यात.

सकाळी हौसानं आईला विचारलं, "आई, पडलं का स्वप्न?"

"पडलं की!" आई म्हणाली.

"काय पडलं?"

"ते बाई आता आठवत नाही." आणि आई किती वेळ हसत राहिली.

इतक्यात दार वाजलं. बापू नवीन तक्रार घेऊन आले होते. हौसानं तोंडावर पाणी मारलं आणि दार उघडलं.

तेव्हापासून त्या गावात दिवसभर भांडण आणि रात्रभर झोप. त्यातच सगळे सुखानं नांदले. चला, मिटा डोळे. पाय कुणाचा कुणाला लागतोय ते उद्या उजेडात बघू.